संगीतकाराचा रकाना

रात्री साडेदहाला माहेरच्या गावाहून फोन आला की आधी पोटात गोळा येतो. तिकडे आई-अण्णा दोघंच असतात. पण फोन होता आमच्या वाड्याला लागून राहणाऱ्या पोराचा. मला आक्का म्हणतो. दिवसा वायरमनची कामं करतो, रात्री गाणी लिहितो आणि गातो. "आक्का, जपनी का वं?" आमच्या अहिराणीत म्हणाला. झोपले नव्हते. "एक फॉर्म भरी ऱ्हायनू. गायक मा मन्हं नाव टाकं, गीतकार मा बी मन्हंच टाकं. आते संगीतकार मा काय लिखू?" मी नाशकात एका करसल्लागाराकडे नोकरी करते, लोकांचे फॉर्म भरून देण्यात हयात चालली आहे, त्यामुळे गावातल्या कुणाचाही कुठलाही फॉर्म अडला की फोन मलाच येतो. पीकविमा असो की गाणं. मी जांभई देत म्हटलं, तुझंच टाक. तो जरा थांबला. "चाल मन्ही नही ना पन. ती मोठी माय म्हने, दयता दयता." जात्यावर दळताना म्हणायची चाल, मग पारंपरिक लिही. "लिखी देखं. लेत नही. नाव मांगस, आडनाव बी मांगस." आता मात्र झोप पुरती उडाली होती. बरं, मग तिचंच नाव टाक की.

पलीकडे नुसता पंख्याचा आवाज. मग त्यानं विचारलं, "तिन्हं नाव काय व्हतं, आक्का?"

मला माहीत नव्हतं. मी तिच्या हातचे बिबडे खाल्ले आहेत, तिच्या ओट्यावर बसून अभ्यास केलाय, मला गोवर निघाला तेव्हा तिनं माझ्या उशाशी कडुलिंबाचा पाला आणून ठेवला होता. आख्खी गल्ली तिला एरंडोलवाली म्हणायची. आम्ही पोरं मोठी माय म्हणायचो. हा पोरगा तर तिचा नातू, तिच्याच मांडीवर वाढला, आई लहानपणीच गेली म्हणून. तिला जाऊन बारा वर्षं झाली. आणि नाशकात मी आणि गिरणेच्या काठी तो, दोघं फोन कानाला लावून गप्प बसलो होतो. "बापले इचारस सकाय," म्हणाला आणि फोन ठेवला. मी मात्र दोन वाजेपर्यंत जागी. शेवटी उठून माझ्या स्वतःच्या आजीचं नाव आठवतंय का ते तपासलं. आठवलं. बरं वाटलं, आणि त्या बरं वाटण्याचीच लाज वाटली.

त्याची गाण्याची खोली मी पाहिली आहे. पूर्वी तिथं कापूस भरून ठेवायचे. अजूनही कोपऱ्यात सरकीचा वास आहे, थोडा तेलकट, थोडा धुळकट, नाकात बसला की दिवसभर जात नाही. आवाज घुमू नये म्हणून चारी भिंतींना गोधड्या टांगल्या आहेत, त्यातल्या दोन मोठ्या मायच्या हातच्या. माइकसमोर चहाच्या गाळणीसारखं काहीतरी लावलंय. गाणं चालू असताना पंखा बंद, दार बंद. एप्रिलच्या खान्देशात याचा अर्थ काय तो तिकडच्या माणसालाच कळेल. तरी मधूनच शेजारची बकरी ओरडते, शेताची लाइट आली की मोटार सुरू होते, आणि चांगला जमलेला तुकडा वाया जातो. तो वैतागत नाही. वायरमन आहे, लाइट कधी येते-जाते ते त्याला तोंडपाठ; गाणं त्या वेळा बघून रेकॉर्ड करतो.

गेल्या वर्षी मोबाइल घेऊन फिरणाऱ्या एका बातमीदारानं त्याला विचारलं होतं, तुमची प्रेरणा कोण? त्यानं ताठ बसून बहिणाबाईंचं नाव घेतलं. आमच्याकडे ते घ्यावंच लागतं, पंगतीला बसताना पहिला घास बाजूला काढावा तसं. नंतर मला म्हणाला, खोटं नाही बोललो आक्का, पण खरंही नाही बोललो. खरं सांगायचं तर यादी ओबडधोबड आहे. मोठी मायचं जातं. मारुतीच्या पारावरचं भजनी मंडळ, जिथं मृदंग वाजवणारे आबा ताल चुकला की डोळे न उघडता कपाळाला आठी घालायचे. रात्रभर वह्या, म्हणजे आमच्याकडची लोकगाणी, म्हणणारी मंडळी. एकानं ओळ टाकायची, बाकीच्यांनी उचलायची, आणि पहाटेपर्यंत सगळ्यांचे गळे एकसारखे फाटलेले. लग्नातले बँडवाले, त्यातही तो एक क्लॅरिनेटवाला जो नवरदेव पारावर पोचेपर्यंत सात सिनेमे फिरवून आणायचा. कानबाईची रात्र, जेव्हा नारळाला नथ-लुगडं घालून बसवतात आणि बाया जागरणात अशी गाणी काढतात की पुरुषांनी आपणहून ओट्यावर जाऊन बसावं. आणि साक्रीकडची पावरी, ते भोपळ्याचं फुंकून वाजवायचं वाद्य. ब्राह्मणवेलच्या पठारावर पवनचक्क्यांच्या कामावर तो वर्षभर हेल्पर होता. वर ती अजस्र पाती फिरताहेत, त्यांचा सूं सूं आवाज, आणि मार्गशीर्षात खालच्या पाड्यातून डोंगऱ्या देवाची पावरी ऐकू यायची. भोपळ्यातून निघालेला तो सूर थांबतच नाही म्हणे, श्वास संपला तरी. त्याच्या एका गाण्याच्या सुरुवातीला असा एक न थांबणारा सूर आहे. मला तो आधी शिट्टी बिघडलेल्या कुकरसारखा वाटला होता. मी तसं बोललेही. तीन दिवस माझ्याशी बोलला नाही.

गाणी कशावर? कापसाच्या भावावर, सुरतेला गेलेल्या पोरांवर, शेतकरी मुलाला मुलगी न मिळण्यावर. हे शेवटचं विनोदी आहे असं समजून लोक हळदीत नाचतात, आणि ज्याचं लग्न जमत नाहीये तोच सगळ्यात पुढे नाचतो. एक गाणं मोठी मायवर आहे, तेच ते, ज्याचा फॉर्म अडला. "पानी गयं गिरनानं, रेती ऱ्हायनी, माय गयी तरी कानमा घरघर ऱ्हायनी." पहिल्यांदा पारावर म्हटलं तेव्हा मागून कुणीतरी ओरडलं, "रेती बी कथी ऱ्हायनी रे भो!" सगळे हसले, कारण रात्री नदीत किती ट्रॅक्टर उतरतात ते सगळ्यांना माहीत आहे. त्यानं ओळ बदलली नाही. मला वाटतं बदलायला हवी होती. ओरडणाऱ्याची ओळ जास्त चांगली होती.

अहिराणी गाण्यांना हल्ली मोबाइलवर कोटींनी ऐकणारे मिळतात. त्यातलं बरंचसं नुसता दणदणाट असतं, हे मी इथं लिहिते आणि भाचीच्या हळदीत त्याच दणदणाटावर मी घाम फुटेपर्यंत नाचले होते हेही लिहिते. आमच्या लहानपणी हीच भाषा शाळेच्या फाटकापाशी चपलेसारखी काढून ठेवावी लागायची. डोळ्याला डोया म्हटलं, काळ्याला काया म्हटलं की मास्तर ओठ मुडपून हसायचे. मारायचे नाहीत, मारलं असतं तर बरं. ग्रियर्सनच्या भाषा पाहणीचा १९०७चा खंड आहे, त्यात खान्देशीला, म्हणजे आमच्या अहिराणीला, मराठीशेजारी न बसवता भिल्ल भाषांच्या पंगतीत बसवलंय. मास्तरांना हे ठाऊक नसणार, पण नजर तीच. जनगणनेत २००१ साली खान्देशी सांगणारे वीस लाखांच्या वर होते, २०११ला साडेअठरा लाख. म्हणजे गाणं ऐकणारे वाढले आणि घरी बोलणारे घटले. माझ्याच घरात बघा. माझी मुलगी ही गाणी मोठ्यानं लावते, आणि मी आईशी फोनवर बोलायला लागले की तिला निम्मंही कळत नाही.

बहिणाबाईंवर मात्र मी त्या फोननंतर बराच विचार केला. तसा आमच्याकडे त्यांच्यावरूनही वाद होतो. अहिराणीवाले म्हणतात आमच्या, जळगाव-यावल-रावेरकडचे म्हणतात, अहो ती लेवा बोली आहे, तुमची नव्हे. आणि बाहेरचे दोन्हीला खान्देशी म्हणून मोकळे होतात. मला अडकली ती वेगळी गोष्ट. त्या गेल्या १९५१च्या डिसेंबरात, आणि पुस्तक आलं १९५२ साली. स्वतःचं नाव छापलेलं त्यांनी पाहिलंच नाही, आणि पाहिलं असतं तरी अक्षरओळख नव्हती. मुलगा कवी निघाला, त्यानं आणि त्याच्या मावसभावानं गाणी टिपून ठेवली, ती अत्र्यांसमोर वाचली गेली, आणि आज विद्यापीठाच्या कमानीवर त्यांचं नाव आहे. हे सगळं वाचताना ऊर भरून येतो, येणारच. पण असोद्यात काय किंवा एरंडोलात काय, त्याच पहाटे शेजारच्या घरात दुसरं जातंही फिरत असणार ना? त्या घरातला मुलगा कवी नव्हता, एवढंच. कदाचित तो वायरमनचा आजा होता.

जात्यावरच्या ओवीची एक गंमत आहे. तिच्यात नावं खच्चून भरलेली असतात. भावाचं नाव, त्याच्या बैलाचं नाव, लेकाचं, नातवाचं, माहेरच्या गावाचं, वाटेतल्या नदीचं, विठोबाचं तर असतंच. फक्त म्हणणारीचं नसतं. पुरुषांच्या गाण्यात असं होत नाही. शाहीर शेवटच्या कडव्यात गाव, गुरू आणि स्वतःचं नाव गुंफून ठेवतो, पावतीवर सही करावी तशी. ते कडवं गाळलं तर भांडण. जनाबाईनं सही केली, पण तीही नामयाची म्हणून. मोठी मायच्या त्या गाण्यात आमच्या या पोराचंच नाव यायचं, मला चांगलं आठवतंय. "मन्हा सोन्या" वगैरे नाही, पाळण्यातलं सरळ नाव. गावात चक्की आल्यावरही कळण्याचं पीठ ती हातानंच दळायची. चक्कीत उडीद-ज्वारी दिली तर दुसऱ्याच्या दळणाचा वास लागतो म्हणायची. पहाटे चारला तो आवाज भिंतीतून यायचा. आधी दगडाची घरघर, मग तिचा गळा, बारीक, नाकातला, शब्द अर्धे पिठात पडलेले. मी अंथरुणात उलटी होऊन उशी कानावर दाबायची. आज ती उशी काढून ठेवावीशी वाटते, पण तेव्हा बोर्डाची परीक्षा होती आणि मला ती बाई नकोशी झाली होती, हे खरं आहे.

पुण्यात हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ यांनी अशा ओव्या गोळा केल्या, लाखाच्या वर. त्यांच्या नोंदीत ओवीसोबत म्हणणारीचं नाव आणि गाव लिहिलेलं असतं. मी एका रविवारी ती नावंच वाचत बसले होते, ओव्या बाजूला ठेवून. माझ्या धंद्यात नाव-गाव-सही नसलेला कागद म्हणजे रद्दी, म्हणून असेल.

मग मी आणखी एक गोष्ट केली, जी माझ्यासारखीनंच करावी. कॉपीराइटचा कायदा उघडला. १९५७चा. त्यात संगीतकार म्हणजे कोण याची व्याख्या आहे, १९९४च्या दुरुस्तीतली: संगीत रचणारी व्यक्ती, मग तिनं ते स्वरलिपीत उतरवलेलं असो वा नसो. ऑफिसात दुपारचा डबा खाता खाता मी ते वाक्य तीनदा वाचलं. कायद्याची भाषा सहसा माणसाला बाहेर उभं करते, या वाक्यात मात्र अंगठा लावणारी बाई आरामात पाट घेऊन बसू शकत होती. त्याला फोन करून वाचून दाखवलं. त्यानं ऐकलं, मग म्हणाला, "पन आक्का, तिनीच रची का तिले बी कोनी शिकाडी व्हती, कोनले ठावूक?" वायरमनच तो. तार कुठून आली हे पाहिल्याशिवाय जोडणार नाही.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, गावी गेले. आमच्याकडे दिवाळीपेक्षा आखाजी मोठी, माहेरवाशिणीचा सण. सालदारांचं सालही आखाजीलाच फिरतं, त्यामुळे एकीकडे घागरी पुजल्या जातात आणि दुसरीकडे वर्षाचा हिशेब. निंबाला झोके बांधले होते, पूर्वीइतके नाहीत, पण होते. पोरी गौराईची गाणी म्हणत होत्या आणि एकीनं मोबाइल झोक्याच्या दोरीला बांधला होता, चित्रण करायला. त्यात नुसतं आभाळ वरखाली होत असणार. पुरुष नेहमीप्रमाणे पत्ते कुटायला बसले होते. आमरस-पोळीवर ताणून द्यायच्या वेळेला पोरगा आला. म्हणाला, बापाला माहीत नाही. बाप आईला मायच म्हणायचा. रेशनकार्ड जुनं, उंदरांनी कोपरा खाल्लेला, नेमका तोच. "पारोळावालीकडे चाल."

पारोळावाली म्हणजे मोठी मायची देराणी, धाकटी जाऊ. ऐंशीच्या पुढची, पण दात शाबूत. खाटेवर पाय सोडून बसली होती. त्यानं मोबाइलवर गाणं लावलं आणि तिच्या कानाशी धरलं. ती ऐकत राहिली, चेहऱ्यावर काही नाही. कडवं संपायच्या आत तिनं मोबाइल हातानं बाजूला सारला. "इतला कशाले पयस रे? पीठ जाडं पडी ना."

मी हसले, तो नाही हसला. त्यानं नंतर सांगितलं, गाण्याचा ठोका त्यानं मिनिटाला ११०वर ठेवला होता, हळदीत चालावं म्हणून. आणि जात्याचं गणित तर साधं आहे. खुंटा घाईनं फिरवला, तोंडात मुठी भराभर टाकल्या, की पीठ भरड येतं. चालीचा वेग पिठानं ठरवलेला. ज्या दिवशी दळण मैद्यासारखं बारीक लागायचं, मांड्यासाठी वगैरे, त्या दिवशी चाल आणखी संथ. हे असं पारोळावालीनं सांगितलं नाही, ती असलं काही सांगत नाही. तिनं खाटेच्या गातावर उजवी मूठ ठेवली, जणू खुंटा धरलाय, आणि हात फिरवायला लागली. अंग पुढे जाई, मागे येई. मग गळा लागला. तीच चाल, पण मधे एक जागा होती जी पोरानं सरळ नेली होती. तिथं हात वळण घेऊन परत स्वतःकडे येतो तेव्हा सूरही किंचित खाली बसायचा आणि उठायचा. त्यानं घाईघाईनं रेकॉर्डिंग सुरू केलं. बाहेर कुणाचा तरी ट्रॅक्टर गेला, भांडी पडली, त्यानं थांबवलं नाही. शब्द मात्र वेगळे होते. एरंडोलच्या जागी पारोळं, गिरणेच्या जागी बोरी, आणि या पोराच्या नावाच्या जागी तिच्या नातवाचं नाव, जो सुरतेला साड्यांच्या मार्केटात आहे आणि या आखाजीलाही आला नव्हता.

"हाई गानं कोननं शे, माय?" त्यानं विचारलं.

"मन्हं," ती म्हणाली. "आते कोन म्हनी ऱ्हायनं?"

आणि मोठी मायचं? "तिन्हं तिनं." मग तिला नाव विचारलं. तिनं दोन सांगितली. एक एरंडोलचं, माहेरचं. एक इथलं, लग्नात तांदळावर लिहिलेलं. दुसरं फार कुणी वापरलंच नाही, पहिलं इकडे कुणाला माहीत नव्हतं, मधल्या मधे एरंडोलवाली उरली. माझंही नाव तांदळावर लिहिलं होतं. बँकेत ते बदलायला तीन कागद लागत होते, कंटाळा केला, म्हणून जुनंच राहिलं. नाहीतर माझ्यातली कोण हा लेख लिहिते आहे कोण जाणे. पोरानं दोन्ही नावं मनगटावर बॉलपेननं लिहून घेतली. घामानं संध्याकाळपर्यंत निळा डाग झाला, पण तोपर्यंत पाठ झाली होती.

उठताना पारोळावालीनं त्याचा हात धरला. गाण्यात तुझं नाव आहे ते ठीक, म्हणाली, पण तिथं माझ्या नातवाचंही टाक. तुला काय, बसतंय ते, एवढंच तर लांब आहे. तो म्हणाला, माय, गाणं रेकॉर्ड झालंय. तिला त्यात काही अडचण दिसली नाही.

फॉर्म अजून अर्धाच आहे. संगीतकाराच्या रकान्यात नाव एकच मावतं, आणि तो रोज काहीतरी लिहून खोडतो. पण ठोका त्यानं ७२वर आणलाय आणि खोलीतल्या माइकवर नव्यानं एक म्हटलंय, त्यात त्या जागी पारोळावालीच्या नातवाचं नाव आहे. ते त्यानं व्हॉट्सॲपवर सुरतेला पाठवलं. दोन निळ्या खुणा आल्या, लगेच उत्तर काही आलं नाही. तिसऱ्या दिवशी पहाटे पोरगा पारोळावालीच्या अंगणात आला आणि विचारायला लागला, नातू दिवाळीला नाही, कानबाईला येतोय म्हणून निरोप आहे, खाट कुठं टाकू.